निघण्याची वेळ आली तर

पावसाळ्याच्या सुरुवातीला एक आजोबा मुलासह नेहमीच्या तपासणीसाठी आले होते. वय ८१. गुडघे झिजलेले, जोडीला रक्तदाब आणि मधुमेह. घर बोईसरच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. रक्तदाब मोजून झाल्यावर त्यांनी अचानक विचारले, "डॉक्टर, तारापूरला काही झालेच, तर गाव खाली करायला सांगतील. मग माझे काय?" मी उत्तर देण्यापूर्वीच ते मुलाकडे पाहून म्हणाले, "याला मी सांगून ठेवले आहे. मुलाबाळांना घे आणि नीघ. मला मागे ठेव." मुलगा काही बोलला नाही, मान खाली घालून बसला.

वाचकहो, आजोबांची भीती अगदीच निराधार नव्हती. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी परिसरात भूकंपाचे धक्के वारंवार जाणवत आले आहेत. त्याच पालघर जिल्ह्यात १९६९ पासून देशातील पहिले अणुवीज केंद्र उभे आहे. तेव्हा हा प्रश्न हसण्यावारी न नेता त्याचे नीट उत्तर देणे हे मी वैद्याचे कर्तव्य मानतो. ते उत्तर शोधायचे तर जपानमधील फुकुशिमाकडे पाहावे लागते. तिथे ज्येष्ठांच्या बाबतीत जे घडले, ते प्रत्येक कुटुंबाने जाणून घेण्यासारखे आहे.

फुकुशिमात काय घडले?

११ मार्च २०११ रोजी दुपारी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. फुकुशिमा दाइची केंद्रातील चालू असलेल्या तिन्ही अणुभट्ट्या धक्का जाणवताच आपोआप बंद झाल्या. परंतु अणुभट्टी बंद झाली तरी तिच्यातील इंधन लगेच थंड होत नाही. चुलीतील लाकडे ओढून घेतल्यावरही निखारे धगधगत राहावेत, तशी उष्णता दीर्घकाळ निर्माण होत राहते, आणि ती काढून घेण्यासाठी पाणी सतत फिरते ठेवावे लागते. भूकंपाने बाहेरचा वीजपुरवठा तुटला, तेव्हा डिझेल जनित्रे सुरू झाली. मात्र पाऊण-एक तासात सुमारे १४ ते १५ मीटर उंचीची त्सुनामी आली आणि बहुतेक जनित्रे व विजेची उपकरणे पाण्याखाली गेली. थंड करण्याची व्यवस्था कोलमडली, इंधन वितळले आणि पुढील काही दिवसांत हायड्रोजनचे स्फोट झाले.

त्याच किनाऱ्यावर ओनागावा येथे दुसरे अणुवीज केंद्र आहे. भूकंपाच्या केंद्रबिंदूपासून ते फुकुशिमापेक्षाही जवळ होते. तिथेही सुमारे १३ मीटर उंचीच्या लाटा आल्या. परंतु जुन्या काळातील त्सुनामींचा विचार करून ते केंद्र मुळातच उंच जागी बांधले होते, म्हणून तिथल्या अणुभट्ट्या सुरक्षितपणे थंड करता आल्या. इतकेच नव्हे, घरे वाहून गेलेल्या आसपासच्या तीनशेहून अधिक गावकऱ्यांनी त्या केंद्राच्या आवारातच आश्रय घेतला. निसर्ग दोन्ही ठिकाणी सारखाच कोपला होता. फरक पूर्वतयारीचा होता.

आपल्याकडेही असा एक प्रसंग येऊन गेला आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूतील कल्पाक्कम केंद्राच्या पंपगृहात समुद्राचे पाणी शिरले. चालू असलेली अणुभट्टी तेथील कर्मचाऱ्यांनी सुरक्षितपणे बंद केली आणि किरणोत्सर्गाची दुर्घटना टळली. किनाऱ्याजवळच्या वसाहतीत मात्र लाटांनी माणसांचे बळी घेतले. याचा अर्थ असा की, अणुभट्टीची काळजी करताना समोरच्या पाण्याकडे दुर्लक्ष होता कामा नये.

बळी कोणाचे गेले?

आता वैद्य म्हणून मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग. फुकुशिमा केंद्रापासून साडेचार किलोमीटरवर फुताबा नावाचे एक रुग्णालय होते. तेथील बरेचसे रुग्ण वृद्ध आणि अंथरुणाला खिळलेले होते. चालू शकणाऱ्यांना पहिल्या बसगाड्यांतून हलवण्यात आले. मागे राहिलेल्यांना पुढचे काही दिवस वीज, पाणी आणि पुरेसे कर्मचारी यांविना काढावे लागले. नंतर निघालेल्या एका तुकडीला सुमारे २३० किलोमीटरचा, दहा तासांहून अधिक वेळेचा वळसा घालून एका शाळेच्या व्यायामशाळेत पोहोचवण्यात आले. सोबत ना त्यांना ओळखणारी परिचारिका होती, ना आजाराचे कागद. काहींनी बसमध्येच प्राण सोडले. महिनाअखेरपर्यंत त्या रुग्णालयातील व शेजारच्या वृद्ध-शुश्रूषागृहातील सुमारे ५० जण दगावले.

हे मृत्यू किरणोत्सर्गाने झाले नाहीत. थंडी, शरीरातील पाणी कमी होणे, औषधे व सलाईन थांबणे आणि प्रवासाचा असह्य शीण यांनी ते झाले. संयुक्त राष्ट्रांच्या वैज्ञानिक समितीला फुकुशिमातील रहिवाशांमध्ये थेट किरणोत्सर्गामुळे झालेले आरोग्याचे दुष्परिणाम आढळले नाहीत. याउलट स्थलांतर आणि त्यानंतरचे हाल यांमुळे ओढवलेल्या मृत्यूंची त्या प्रांतातील अधिकृत संख्या २,३०० च्या वर गेली, आणि त्यांतील बहुसंख्य वृद्ध होते.

यावरून "घर सोडूच नये" असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. त्सुनामीत ज्यांचे प्राण गेले, त्यांतही सुमारे दोन तृतीयांश लोक साठी ओलांडलेले होते. वेळेत न निघणेही तितकेच घातक असते. मिनामिसोमा शहरातील पाच शुश्रूषागृहांचा अभ्यास या बाबतीत मोठा बोलका आहे. स्थलांतरानंतर तेथील वृद्धांच्या मृत्यूचे प्रमाण सुमारे २.७ पट झाले. परंतु सगळ्या संस्थांत ते सारखे वाढले नाही. घाईने, अपुऱ्या काळजीनिशी हलवलेल्यांना अधिक सोसावे लागले. जिथे नवीन ठिकाणची व्यवस्था आधी पाहून, रुग्णाची माहिती सोबत देऊन, ओळखीच्या माणसांसह हलवले गेले, तिथे हानी कमी झाली. मुख्य प्रश्न निघावे की राहावे हा नसून कसे निघावे हा आहे. त्याचे उत्तर संकटाच्या दिवशी सुचत नाही. ते आधीच ठरवून ठेवावे लागते.

घरी तयार ठेवायची पिशवी

ही तयारी अणुदुर्घटनेपुरती नाही. पूर, भूकंप, चक्रीवादळ, आग, कोणत्याही प्रसंगी तीच उपयोगी पडते. आपल्याकडे पुराची वेळ तर दरवर्षी कुठे ना कुठे येतेच.

सर्वप्रथम एक कागद. त्यावर ज्येष्ठांचे नाव, वय, आजार, औषधांची नावे, मात्रा व वेळा, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते, डॉक्टरांचा आणि दोन नातेवाइकांचा फोन क्रमांक लिहा. हे मराठीत लिहा आणि औषधांची नावे इंग्रजीतही लिहा. सगळे मोबाइलमध्ये आहे, असे म्हणू नका. मोबाइलची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

दुसरे, किमान सात दिवसांची औषधे, शक्य झाल्यास दोन आठवड्यांची. दर महिन्याला नवी औषधे आणली की पिशवीतली आधी वापरायला काढा आणि नवी पिशवीत ठेवा, म्हणजे मुदत टळणार नाही. फिट्स, हृदयविकार, रक्त पातळ ठेवणे यांची औषधे, स्टेरॉइड आणि इन्सुलिन एकाएकी बंद पडणे धोक्याचे असते, म्हणून ती सर्वांत वर ठेवा. इन्सुलिन मात्र फ्रीजमध्येच राहील. पिशवीवर "इन्सुलिन घ्या" अशी ठळक चिठ्ठी चिकटवा. प्रवासात ते उन्हापासून जपा, पण बर्फाला थेट लागू देऊ नका. गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

तिसरे, ज्या लहानशा वस्तूंवाचून म्हातारपण अडते त्या: चष्मा, कवळी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, काठी, प्रौढांचे डायपर, एक शाल, पाण्याची बाटली, साखर किंवा ग्लुकोज आणि जल संजीवनीची पाकिटे. चष्मा नसेल तर औषधाचे नाव वाचता येत नाही, कवळी नसेल तर अन्न चावता येत नाही.

घरात प्राणवायूचे यंत्र असेल तर वीज गेल्यावर किती तास निभेल, याची चौकशी आजच करा आणि सिलिंडरची सोय पाहून ठेवा. डायलिसिस चालू असेल तर आपल्या केंद्रावर पोहोचता आले नाही तर दुसरे कोणते, हे तेथील डॉक्टरांना विचारून ठेवा. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या कपड्यांच्या आत नाव व फोन क्रमांकाची चिठ्ठी शिवून टाका, आणि गर्दीत त्यांचा हात धरणारा माणूस कोण, हे नावानिशी ठरवा.

किरणोत्सर्गाचा इशारा मिळाला तर

आपल्या देशात अणुवीज केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरच्या परिघासाठी आपत्कालीन योजना तयार असते आणि केंद्राबाहेरच्या कार्यवाहीची सूत्रे जिल्हा प्रशासनाकडे असतात. इशारा मिळताच लगेच घर सोडण्याची आज्ञा होईलच असे नाही. पुष्कळदा पहिली सूचना घरातच थांबण्याची असते. तशी सूचना मिळाल्यास दारे-खिडक्या बंद करा, वातानुकूलन यंत्र आणि स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंखा बंद ठेवा, शक्यतो आतल्या खोलीत बसा. बाहेरून आलेल्याने वरचे कपडे दाराशीच काढून पिशवीत बांधावेत आणि अंग साबणाने धुवावे. एवढ्याने अंगावरचे बहुतांश किरणोत्सर्गी कण निघून जातात. उघड्यावरचे अन्न, दूध व पाणी यांबाबत अधिकृत सूचनेची वाट पाहा.

आयोडीनच्या गोळ्यांविषयी मला हमखास विचारले जाते. या गोळ्या फक्त थायरॉइड ग्रंथीचे आणि तेही किरणोत्सर्गी आयोडीनपासूनच संरक्षण करतात. त्यांची खरी गरज लहान मुले, तरुण आणि गर्भवती स्त्रियांना असते. चाळिशीनंतर लाभ कमी होत जातो, तर दुष्परिणामांची शक्यता वयाबरोबर वाढते. म्हणून प्रशासनाने सांगितल्याखेरीज त्या घेऊ नयेत. जखमेवर लावायचे आयोडीनचे औषध पोटात घेणे तर अपायकारकच. २०११ मध्ये चीनमध्ये लोकांनी आयोडीनयुक्त मिठासाठी दुकानांत झुंबड केली होती, आणि फिलिपिन्समध्ये गळ्याला आयोडीन लावण्याचा खोटा संदेश फिरत होता. असे संदेश आपल्या फोनवर आले तर ते पुढे पाठवू नका.

प्रवासात आणि निवाऱ्यात

निघावे लागलेच, तर दर तासा-दोन तासांनी घोट-दोन घोट पाणी द्या. लघवीला जावे लागेल या भीतीने अनेक ज्येष्ठ प्रवासात पाणी पीतच नाहीत, आणि तिथूनच दुखणे सुरू होते. (ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी तेच प्रमाण पाळावे.) बसल्या जागी पायांचे घोटे फिरवत राहा. जपानमध्येच २००४ च्या निगाता भूकंपानंतर मोटारीत अवघडून दिवस काढणाऱ्या काहींच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि त्या फुप्फुसापर्यंत गेल्या. अंथरुणावरच्या रुग्णाला झोपवून भरवू नका, पाठीला आधार देऊन बसवा. निवाऱ्यात पोहोचल्यावर तेथील वैद्यकीय पथकाला तो कागद प्रथम दाखवा.

आणि शेवटचे म्हणजे माणसांची सोबत. फुकुशिमातील स्थलांतरितांमध्ये पुढील वर्षांत लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब आणि मनाचे आजार वाढल्याचे दिसले. शेत सुटले, शेजार सुटला, चालणे-बोलणे थांबले. म्हणून ज्येष्ठांना नव्या जागी नुसते बसवून ठेवू नका. भाजी निवडणे असो वा नातवंडांचा अभ्यास, त्यांच्या हाती काही काम द्या.

आजोबांना मी काय सांगितले

मी त्यांना म्हटले, "आजोबा, तुम्ही मागे राहिलात तर तुमचा मुलगाही मनाने मागेच राहील. तुम्हाला खाली आणायला किती वेळ लागतो, ते आधी बघू या का?" पुढच्या रविवारी त्यांनी तो प्रयोग केला. हात असलेली एक मजबूत लाकडी खुर्ची, आजोबांच्या कमरेभोवती बांधलेली चादर, मागे मुलगा, पुढे खालच्या मजल्यावरचा शेजारी. आजोबांचे तोंड उतरण्याच्या दिशेला आणि खुर्ची किंचित मागे कललेली. मध्ये एकदा विसावा घेऊन अकरा मिनिटे लागली.

पुढच्या तपासणीला आजोबा आले ते खिशात तो कागद घेऊनच. मागे ठेवण्याची भाषा त्यांनी काढली नाही. शेजाऱ्याची मात्र तक्रार केली, की गडी वळणावर खुर्ची फार हलवतो, आणखी एकदा सराव हवा.

वाचकहो, अणुवीज केंद्रे सुरक्षित ठेवणे हे शास्त्रज्ञांचे, अभियंत्यांचे आणि शासनाचे काम आहे. त्याबद्दल प्रश्न विचारणे हा आपला हक्क आहे आणि तो अवश्य बजावावा. पण आपल्या घरातला जिना कसा उतरायचा, हे दुसरे कोणी ठरवून देणार नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ हे तीन क्रमांक आज मोठ्या अक्षरांत लिहून दाराजवळ लावा. आणि येत्या रविवारी, चहा झाल्यावर, घरातील ज्येष्ठांसह बसून एवढेच ठरवा: निघायची वेळ आली, तर कोणी कोणाचा हात धरायचा.