गवत कुणाचं आणि कधी

वसुबारसेला गाय शोधत नेदरलँड्समधल्या आमच्या फेल्डहोवनमध्ये फार भटकावं लागत नाही. चिपची यंत्रं बनवणाऱ्या एएसएमएलच्या इमारती मागे टाकून सायकल थोडी पुढे दामटली की केम्पन भागातली शेतं लागतात. गाय दिसेलच याची खात्री मात्र नाही. दिवाळी येते तोवर इथल्या दूधवाल्या शेतकऱ्यांनी बहुतेक गाई गोठ्यात घेतलेल्या असतात. मोकळ्या झालेल्या कुरणांवर तेव्हा रानहंस उतरतात. आमच्या ब्राबांटात थोडे, उत्तरेला फ्रीसलंडात थव्यांनी. रशियाच्या उत्तर टोकाकडून आलेले हे पाहुणे हिवाळाभर मुक्काम ठोकतात आणि देशभरातली त्यांची संख्या वीस लाखांच्या वर जाते.

हंसाला चरताना जवळून पाहावं. गाय जिभेचा वेढा घालून गवत ओढते. हंस चोचीच्या दातेरी कडांनी त्याचे शेंडे कातरतो. त्याला रवंथ येत नाही, खाल्लेलं पुरतं पचत नाही. म्हणून उजाडल्यापासून मावळेपर्यंत तो खातच असतो आणि दर चार-पाच मिनिटांनी विष्ठा टाकत असतो. एवढी भूक भागवायला त्याला कोवळं, सकस गवत लागतं, आणि तेच शेतकऱ्याने गाईंसाठी खत घालून वाढवलेलं असतं. वसंतातल्या पहिल्या कापणीआधीच हंसांची कापणी उरकते. शेतकरी अर्ज करतो, नुकसान मोजणारा माणूस बांधावर येतो, प्रांताच्या तिजोरीतून भरपाई मिळते. असे कोट्यवधी युरो दरवर्षी जातात. त्याने भांडण मिटत नाही, त्याची रीतसर नोंद तेवढी होते.

यंदाच्या दिवाळी अंकासाठी ‘कुरण’ हा विषय सुचवला तेव्हा संपादक मंडळात कुरकुर झाली. चिपच्या यंत्रांच्या गावातून निघणाऱ्या अंकाने मेंढरांवर काय लिहायचं? कुरकुर अगदीच गैर नव्हती. पण वन्य जनावर आणि पाळीव जनावर एकाच गवतावर आलं की एकाचा घास दुसरा हिरावतो, हे आपण इतकं गृहीत धरलं आहे की ते तपासून पाहायचंही कुणाला सुचत नाही.

केनियात ते तपासलं गेलं. लायकिपिया भागात १९९५ पासून एक प्रयोग चालू आहे. रानाचे तुकडे पाडून काहींत फक्त गाई सोडायच्या, काहींत गाईंबरोबर झेब्र्यांसारखे वन्य प्राणीही येऊ द्यायचे. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. कोरड्या दिवसांत झेब्र्यांच्या संगतीतल्या गाईंचं वजन कमी भरलं, हे अपेक्षितच होतं. पावसाच्या दिवसांत मात्र त्याच संगतीत ते जास्त भरलं. झेब्रे वाळकी, राठ ताटं खाऊन टाकतात आणि खालचा कोवळा पाला गाईला मोकळा होतो. म्हणजे वैर असलंच तर ते जनावराशी नाही, ऋतूशी आहे.

आपल्याकडच्या धनगरांच्या पंचांगात हे फार आधीपासून बसलेलं आहे. फलटण, बारामती, पुरंदरकडचे वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारी बिऱ्हाडं, पावसाळ्यात माळावर असतात. कोकणातला पाऊस मेंढरांना सोसत नाही आणि माळावर त्या वेळी गवताला तोटा नसतो. दिवाळी झाली, गवत पिवळं पडलं, की घोड्यांवर बिऱ्हाड लादून वाडा घाट उतरायला लागतो. वाटेत भात निघालेल्या खाचरांत मुक्काम पडतो. वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढ्या रात्रभर शेतात बसवतात, लेंडी-मुताचं खत जमिनीला मिळतं, शेतकरी बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. जूनच्या तोंडावर परत. म्हणजे माळावर जेव्हा काडीकाडीचा प्रश्न असतो, नेमके तेच महिने मेंढरं तिथे नसतात.

आता सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य घ्या. बारामती तालुक्यात, १९९७ साली चिंकाऱ्यासाठी राखलेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकारा बोरी-बाभळीचा पाला, शेंगा, झुडपांचे शेंडे खातो आणि पाण्यावाचून बराच काळ काढतो. मेंढरू खाली मान घालून गवत कुरतडतं. दोघांची ताटं बरीचशी वेगळी. (शेळीचं तसं नाही. तिला चिंकाऱ्याचंही ताट चालतं, हे मान्य करायला हवं.) त्यात कोरड्या दिवसांत वाडा कोकणात. चिंकाऱ्याच्या भल्यासाठी ही सोय कुणी केली नव्हती, पण ती होती.

ती मोडली आपण. कालवे आले, ऊस आला, वाड्यांच्या वाटांवर महामार्ग, औद्योगिक वसाहती आणि तारेने वेढलेले प्लॉट आले. माळाला सरकारदप्तरी पडीक ठरवून त्यावर झाडं लावली आणि झाडांसाठी चराईबंदी केली. खाली कोकणात खाचरांच्या जागी बागा आणि बंगले उभे राहिले. निघायला वाट नाही, पोचलं तर बसायला शेत नाही, असा वाडा उन्हाळाभर माळावरच अडकतो. मग मेंढरू आणि चिंकारा खरोखरच एकमेकांच्या तोंडचं खायला लागतात, आणि गुन्हा मेंढराच्या नावावर लागतो.

पाळीव जनावर हाकललं की रान सुधारेल, हा उपायही करून झाला आहे. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२ साली म्हशींची चराई बंद केली. दंगल झाली, गोळीबारात गावकरी मेले. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली बंदीच्या बाजूने होते. पण त्यांच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पुढे काही वर्षं केलेल्या अभ्यासातून भलतंच निघालं. म्हशी गेल्यावर पाणगवताने तळी भरून टाकली आणि पाणपक्ष्यांना उघडं पाणी मिळेनासं झालं. चूक कळली, पण मेलेल्यांना त्याचा काय उपयोग?

नेदरलँड्सने उलट टोक गाठून पाहिलं. समुद्र हटवून मिळवलेल्या ओस्टफार्डर्सप्लासनमध्ये १९८३ पासून हेक जातीची गुरं, मग कोनिक घोडे, मग लाल हरणं सोडली. माणसाने हात लावायचा नाही, निसर्ग आपलं आपण बघेल. भोवती कुंपण मात्र माणसाचंच. संख्या वाढत गेली आणि २०१७-१८ च्या हिवाळ्यात तीन हजारांहून अधिक जनावरं गेली. त्यांनी उपाशी तडफडू नये म्हणून त्यांतल्या बहुतेकांना गोळी घालावी लागली. लोक कुंपणावरून गवताचे भारे आत टाकत होते. ज्याला चालत दुसरीकडे जाता येत नाही त्याला निसर्गाच्या भरवशावर सोडणं, याला मी निसर्गपालन म्हणणार नाही.

याच देशाने दुसरी एक गोष्ट मात्र बरी केली आहे. आमच्यापासून जवळ, हेझेपाशी स्ट्राब्रेख्तसे हाइडे नावाचा सुमारे दीड हजार हेक्टरांचा माळ आहे. असे माळ मेंढरांनीच घडवले. ती दिवसा माळावर चरत, रात्री गोठ्यात बसत, आणि तिथलं खत शेतात जाई. रासायनिक खत आलं आणि कळप संपले. आता इथल्या गोठ्यांतून उडणारा अमोनिया माळावर उतरतो, त्यातल्या नायट्रोजनवर गवत माजतं आणि माळाची जांभळी झुडपं गुदमरतात. गाय माळावर पाऊलही न टाकता माळ खाते, असा हा प्रकार. २०१९ साली न्यायालयाने सरकारचा नायट्रोजन आराखडा रद्द केला आणि शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर हेगच्या रस्त्यांवर आले, त्यामागे हीच गोष्ट होती. ते गवत आटोक्यात ठेवायला आज अशा माळांवर पुन्हा कळप फिरतात, आणि त्या कामाचा मेंढपाळांना मोबदला मिळतो. तो पुरत नाही, ही त्यांची तक्रार आहे. पण इथे पावती मिळते ती मोबदल्याची. आपल्याकडे वनजमिनीवर शिरल्याबद्दल धनगराच्या हातात पडते ती दंडाची.

तसं पाहिलं तर २००६ च्या वनहक्क कायद्याने फिरत्या पशुपालकांचा चराईचा हक्क मान्य केला आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणं आणि पशुपालकांसाठी जाहीर केलं आहे. कायदा आहे, वर्षही आहे, वाट तेवढी नाही. ती दिल्ली-मुंबईतून आखली जाईल तेव्हा जाईल. बांधावरची वाट आपल्या हातात आहे.

आपल्यापैकी अनेकांची पुणे, सातारा, सोलापूर, रायगडकडे वडिलोपार्जित जमीन आहे, आणि इथून पैसे पाठवून तिला तारेचं कुंपण घालायचा बेत अनेक घरांत शिजतो आहे. दिवाळीच्या शुभेच्छा द्यायला गावी फोन कराल तेव्हा एवढं सांगा, की कुंपणात वाड्यापुरती वाट ठेवा आणि वाडा आला तर दोन रात्री मेंढ्या बसवून घ्या. यंदाचा खताचा खर्चही कमी होईल.