न जमलेल्या जोड्याही छापू या

औषधाचा रेणू आहे तसाच ठेवायचा, त्यातला एकही सहसंयुज बंध तोडायचा नाही, फक्त स्फटिकात त्याच्या शेजारी दुसरा एक निरुपद्रवी रेणू हायड्रोजन बंधाने बसवायचा. तेवढ्यावर त्या औषधाचा वितळणांक, विद्राव्यता, दमट हवा सोसण्याची ताकद आणि दाबाखालचे वर्तन बदलते. को-क्रिस्टलचे हे आकर्षण आता आपल्या क्षेत्रात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. एम.फार्म.च्या प्रबंधांत हा विषय नेहमीचा झाला आहे आणि आमच्याकडे छपाईसाठी येणाऱ्या लेखांतही तो वरचेवर असतो. या लेखांबद्दल आमची एक तक्रार आहे. त्यांतली प्रत्येक जोडी जमलेली असते. ज्या कोफॉर्मरने, म्हणजे जोडीदार रेणूने, दाद दिली नाही, तो लेखात येतच नाही.

ही उणीव किती मोठी आहे हे कळण्यासाठी इट्राकोनाझोलचे उदाहरण पुरेसे आहे. कोकणात पाऊस लागला की गजकर्ण-नायट्याचे रुग्ण वाढतात आणि हे औषध लिहिले जाते. रेणू अवजड आहे, रेणुभार ७०५. पाण्यात तो जवळपास विरघळतच नाही, जठराच्या आम्लात जे काय विरघळेल तेवढेच. म्हणून कॅप्सूलमध्ये ते साखरेच्या बारीक मण्यांवर, पॉलिमरसोबत अस्फटिकी थराच्या रूपात चढवलेले असते. मणी किती, किती मोठे, थर कसा बसला, यावर रक्तात किती औषध पोचणार ते ठरते. आपल्याकडचे त्वचारोगतज्ज्ञ या कॅप्सूलच्या दर्जाविषयी गेली काही वर्षे कळकळीने बोलत आहेत ते याचसाठी.

मॅसॅच्युसेट्समधल्या ट्रान्सफॉर्म फार्मास्युटिकल्सच्या चमूने २००३ मध्ये या औषधाचे डायकार्बॉक्सिलिक आम्लांसोबत को-क्रिस्टल केले. सक्सिनिक आम्लासोबतची रचना एकल स्फटिकावर एक्स-रेने उलगडली. इट्राकोनाझोलचे दोन रेणू एकमेकांच्या उलट दिशेने समांतर पडलेले, त्यांच्यामध्ये एक कप्पा, आणि त्या कप्प्यात सक्सिनिक आम्लाचा एक रेणू ताणून बसलेला. त्याच्या दोन्ही टोकांच्या ओ-एच गटांनी दोन बाजूंच्या ट्रायाझोल वलयातल्या नायट्रोजनशी हायड्रोजन बंध केलेले. मॅलिक आम्लासोबतचा को-क्रिस्टल तर आम्लात विरघळण्याच्या बाबतीत त्या अस्फटिकी मण्यांच्या जवळपास पोचला.

इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. त्या निबंधाचा खरा ऐवज मात्र पुढे आहे. सक्सिनिक, फ्युमॅरिक, मॅलिक आणि टार्टारिक ही चार कार्बनांची लांब पसरणारी आम्ले जमली. मॅलेइक आम्ल जमले नाही. फ्युमॅरिक आणि मॅलेइक यांत अणू तेच आणि तितकेच आहेत, फरक फक्त दुहेरी बंधाभोवतीच्या मांडणीचा. एकाची दोन्ही टोके परस्परविरुद्ध दिशांना, दुसऱ्याची एकाच बाजूला वळलेली. एका कार्बनने आखूड मॅलॉनिक आणि एका कार्बनने लांब ग्लुटारिक, तीही नापास. आम्लाच्या ताकदीवर सगळे ठरत असते तर १.९ पीकेएचे मॅलेइक ४.२ पीकेएच्या सक्सिनिकच्या आधी जमायला हवे होते. ताकदीपेक्षा लांबी आणि ठेवण महत्त्वाची, हा निष्कर्ष निघाला तो न जमलेल्या आम्लांची नावे लेखकांनी लपवली नाहीत म्हणून. फक्त यशस्वी आम्ले छापली असती, तर वाचणाऱ्याने एवढेच म्हटले असते की इट्राकोनाझोलला डायकार्बॉक्सिलिक आम्ले चालतात. ते विधान चुकीचे ठरले असते.

हायड्रोजन बंधांच्या आधारे को-क्रिस्टलची आखणी करणे म्हणजे भाकीत करणे. मार्गारेट एटर यांनी स्फटिकांतल्या हायड्रोजन बंधांच्या सवयी शोधून नियम बांधले, त्यातला सर्वांत उपयोगी नियम असा की सर्वांत चांगला दाता सर्वांत चांगल्या ग्राहकाकडे जातो, मग उरलेले आपापसांत जुळतात. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या गौतम देसीराजूंनी १९९५ मध्ये सुप्रामॉलिक्युलर सिंथॉनची कल्पना मांडली आणि रसायनतज्ज्ञांना स्फटिकातली जुळणी पुन्हा पुन्हा येणाऱ्या आकृतिबंधांत पाहायला शिकवले. आम्ल आणि पिरिडिन समोरासमोर आले तर ओ-एच ते नायट्रोजन हा बंध बहुधा होणार. अमाइड आणि आम्ल एकत्र आले तर दोघांचे वलय होण्याची शक्यता मोठी. बहुधा आणि शक्यता हे दोन शब्द इथे मोलाचे आहेत. दहा ठिकाणी नियम लागू पडला आणि अकराव्या ठिकाणी का पडला नाही, हे कळल्याशिवाय नियम सुधारत नाही. आपण अकरावे ठिकाण कचऱ्याच्या टोपलीत टाकतो.

हे काम फक्त मोठ्या संस्थांचे आहे असे कुणी म्हणू नये. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालकपद अश्विनी नांगियांसारख्या को-क्रिस्टलच्याच जाणकाराकडे २०१६ पासून काही वर्षे होते आणि तिथली साधनसामग्री इतरत्र नाही हे खरे. पण पहिली चाचणी खलातच होते. कर्जतजवळ दहिवलीत, वेणगाव रस्त्यावर, कोकण ज्ञानपीठाचे राहुल धारकर फार्मसी महाविद्यालय आहे. अशी महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. खल, बत्ता, काटा, पिपेट आणि डीएससी एवढे ज्यांच्याकडे आहे आणि एक्सआरडी जे बाहेरून काढून घेऊ शकतात, ते या विषयात खरी भर घालू शकतात. २००२ मध्ये केंब्रिजच्या विल्यम जोन्स यांच्या गटाने दाखवून दिले की कोरडे घोटण्याऐवजी द्रावकाचा एखादा थेंब टाकून घोटले तर को-क्रिस्टल कितीतरी लवकर तयार होतो. थेंब कशाचा, यालाही अर्थ आहे. कॅफिन आणि ग्लुटारिक आम्ल सायक्लोहेक्झेनच्या थेंबासोबत घोटले तर एक पॉलिमॉर्फ मिळतो आणि क्लोरोफॉर्मच्या थेंबासोबत दुसरा. म्हणून पद्धतीत नुसते ‘थोडे द्रावक घालून’ असे लिहून भागत नाही. कोणते द्रावक, किती मायक्रोलिटर, किती मिलिग्रॅमला, किती मिनिटे, हे लिहिलेच पाहिजे.

नव्याने शिकणाऱ्याने हात बसवायला कॅफिन आणि ऑक्झॅलिक आम्ल घ्यावे. प्रमाण दोनास एक, म्हणजे निर्जल कॅफिन ३८८ मिलिग्रॅम आणि निर्जल ऑक्झॅलिक आम्ल ९० मिलिग्रॅम. इथे एक गोष्ट हमखास निसटते. प्रयोगशाळेतल्या बाटलीत बहुतेकदा ऑक्झॅलिक आम्लाचा डायहायड्रेट असतो, तेव्हा वजन १२६ घ्यायचे, आणि त्यासोबत दोन रेणू पाणी खलात आले आहे हे वहीत टिपायचे. आपोआप आलेले हे पाणीसुद्धा घोटण्यातले द्रवच असते. कॅफिन एकटे असले की ओल्या हवेत हायड्रेट बनते, पण या को-क्रिस्टलने अतिशय दमट हवेत आठवडेच्या आठवडे तग धरल्याचे केंब्रिजच्याच अँड्र्यू ट्रास्क यांनी २००५ मध्ये दाखवले. कर्जतला उल्हास नदीच्या काठी, जिथे आषाढात कागदसुद्धा मऊ पडतो, तिथे ही चाचणी किती नैसर्गिक आहे पाहा. महागडी आर्द्रता-पेटी नसली तरी अडत नाही. डेसिकेटरच्या तळाशी संपृक्त मिठाचे द्रावण ठेवले की आत ७५ टक्के सापेक्ष आर्द्रता टिकते, पोटॅशियम सल्फेटचे ठेवले तर सुमारे ९७ टक्के. नमुना आत ठेवायचा, ठरावीक दिवसांनी तोलायचा, त्याचा एक्सआरडी काढून घ्यायचा.

एक्सआरडी का, डीएससी पुरत नाही का, असे विचारले जाते. नाही पुरत. दोन घन पदार्थ एकत्र घोटून वितळणांक खाली आला एवढ्यावर को-क्रिस्टल झाला असे लिहिणारे लेख आम्हाला परत पाठवावे लागतात. यूटेक्टिक मिश्रणाचाही वितळणांक खालीच येतो. यूटेक्टिकमध्ये दोघांचे स्फटिक वेगवेगळेच राहतात आणि एक्सआरडीत दोघांच्याच रेषा दिसतात, नव्या स्फटिकाची एकही रेषा नसते. आयब्युप्रोफेन आणि निकोटिनामाइड यांचे पाहा. आयब्युप्रोफेन ७६ अंशांच्या आसपास वितळते, निकोटिनामाइड १२८ अंशांच्या आसपास, आणि त्यांचा को-क्रिस्टल दोघांच्या मधे. आम्लाच्या ओ-एचचा पिरिडिनच्या नायट्रोजनशी बंध, पाठ्यपुस्तकी जोडी. पुण्याच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीत शिकवलेले आणि नंतर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठात गेलेले प्रा. अनंत पराडकर यांनी रवींद्र धुमाळ आदी सहकाऱ्यांसोबत हीच जोडी २०१० मध्ये ट्विन-स्क्रू एक्स्ट्रुडरमधून द्रावकाचा थेंबही न वापरता सलग काढून दाखवली. तापमान आणि स्क्रूची रचना चुकली तर रूपांतर अर्धवट राहते, हेही त्यांनी मांडले. पुढे यंत्र चालू असतानाच निअर-इन्फ्रारेडने को-क्रिस्टल कितपत झाला हे पाहण्याची सोय केली. कारखान्यात नेण्याजोगे को-क्रिस्टलचे काम कसे असते, याचा हा नमुना मराठी वाचकांनी अभिमानाने वाचावा आणि त्यातल्या अर्धवट राहिलेल्या प्रयोगांचे तक्तेही तितक्याच लक्षपूर्वक पाहावेत.

आता पाण्याकडे वळू. स्फटिकात जमलेला हायड्रोजन बंध पाण्यात टिकेलच असे नाही, कारण पाणी स्वतःच उत्तम दाता आणि उत्तम ग्राहक आहे. कार्बामाझेपिन हे याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण. पाण्यात ते डायहायड्रेट होऊन बसते आणि त्याची विद्राव्यता घसरते. निकोटिनामाइडसोबतच्या को-क्रिस्टलमध्ये कोफॉर्मर पाण्यात पटकन निघून जातो, मागे औषधाचे अतिसंपृक्त द्रावण उरते आणि त्यातून डायहायड्रेटचे स्फटिक पडू लागतात. मिशिगनच्या नायर रॉड्रिगेझ-ओर्नेडो यांनी हे विद्राव्यता-गुणाकाराच्या हिशेबात बसवले: द्रावणात कोफॉर्मर जितका जास्त, तितकी औषधाच्या दृष्टीने को-क्रिस्टलची विद्राव्यता कमी, आणि एका ठरावीक पातळीपलीकडे को-क्रिस्टलच स्थिर. म्हणजे ‘विद्राव्यता पाचपट झाली’ हे वाक्य एकटे निरर्थक आहे. किती वेळाने मोजली, द्रावणात कोफॉर्मर किती होता, आणि फ्लास्कच्या तळाशी शेवटी कोणता घन होता? तळातला गाळ गाळून त्याचा एक्सआरडी घेतलेला लेख आमच्याकडे आला की आम्हाला मनापासून आनंद होतो. असे लेख फार थोडे येतात.

टॅब्लेट विभागातल्या मंडळींसाठी एक वेगळी बाजू. पॅरासिटामॉलचा नेहमीचा मोनोक्लिनिक स्फटिक दाबाखाली नीट धरत नाही, गोळीचे टोपण निघते, कारण त्यातले हायड्रोजन बंधांनी विणलेले थर नागमोडी आहेत आणि एकमेकांवरून सरकत नाहीत. ऑक्झॅलिक आम्ल, थिओफिलिन, नॅप्थॅलिन आणि फेनाझिन यांच्यासोबतच्या को-क्रिस्टलमध्ये थर सपाट येतात आणि दाबून गोळी चांगली बनते, हे २००९ मध्ये दिसले. पण ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत यांपैकी काय घालणार? नॅप्थॅलिन तर नाहीच. मूत्रपिंडाला ऑक्झॅलेटचा त्रास ठाऊक असताना ऑक्झॅलिक आम्लही नाही. थिओफिलिन तर स्वतःच औषध, आणि सांभाळून द्यायचे औषध. तत्त्व सिद्ध करणारा कोफॉर्मर आणि रुग्णाला देता येणारा कोफॉर्मर यांत हे अंतर आहे. ते मान्य करून सुरक्षित पदार्थांच्या यादीतून सपाट थर देणारा रेणू शोधणे हे काम अजून मोकळे पडले आहे.

नियमांचे थोडक्यात. अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्ये को-क्रिस्टलला औषध-उत्पादनातला मधला टप्पा मानले होते, २०१८ मध्ये ते बदलून पॉलिमॉर्फच्या धर्तीवर पाहायला सुरुवात केली. आम्ल आणि आम्लारी यांच्या पीकेएतला फरक एकपेक्षा कमी असेल तर को-क्रिस्टल, एक किंवा जास्त असेल तर क्षार, असा ढोबळ मापदंड २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे, पण प्रत्यक्ष रचना दाखवून वेगळे सिद्ध करता येते. आपल्याकडे पेटंट कायद्याचे कलम ३(ड) आहे. नोव्हार्टिस खटल्यात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की औषधाच्या नव्या रूपाचा फायदा रुग्णावरच्या परिणामात दिसला पाहिजे, भुकटी चांगली वाहते किंवा ओल कमी धरते एवढ्याने भागत नाही. को-क्रिस्टलवर पेटंटची आशा धरणाऱ्याने विद्राव्यतेच्या आलेखावर थांबू नये.

पुढच्या अंकापासून या मासिकाची दोन पाने न जमलेल्या जोड्यांसाठी राखून ठेवत आहोत. औषध, कोफॉर्मर, दोघांचे पीकेए, मोलर प्रमाण, द्रावक आणि त्याचे मायक्रोलिटर, घोटण्याचा वेळ, त्या दिवशी प्रयोगशाळेतली आर्द्रता, आणि घोटण्याआधीचा व नंतरचा एक्सआरडी, एवढे कळवावे. प्रस्तावना नको, जुन्या निबंधांचा आढावा नको. विद्यार्थ्याचे नाव पहिले छापले जाईल, मार्गदर्शकाचे त्यानंतर. जोडी का जमली नसावी याविषयी दोन ओळींत अंदाज लिहिला तर उत्तम, न लिहिला तरी नोंद छापू. नोंद दहिवलीहून येवो की नंदुरबारहून, पावसाळ्यात केलेला आणि उन्हाळ्यात केलेला तोच प्रयोग दोन्ही वेळा पाठवला तर दोन्ही नोंदी शेजारीशेजारी घेऊ.