आधी राजीनामा, मग पक्षांतर

वारा कुठल्या दिशेचा आहे हे पाहून मग बाजू घेणाऱ्या वृत्तीला जपानीत ‘हियोरिमी’ म्हणतात. 1582 च्या यामाझाकीच्या लढाईत त्सुत्सुई जुनकेई हा सरदार होरा खिंडीत थांबून कोण जिंकतो ते पाहत राहिला, अशी दंतकथा तिथे आहे. तो खिंडीत गेलाच नव्हता असे इतिहासकार सांगतात, तरी त्या खिंडीचे नाव कुंपणावर बसणाऱ्यांना चिकटले आहे. आपण मात्र प्रत्यक्ष घडलेलेही विसरतो. जुलै 2020 मध्ये पारनेर नगरपंचायतीतले शिवसेनेचे पाच नगरसेवक बारामतीत अजित पवारांच्या उपस्थितीत राष्ट्रवादीत गेले आणि आठवड्याच्या आत ‘मातोश्री’वर जाऊन शिवसेनेत परतले. जाताना मतदारांना विचारले नाही, येतानाही नाही.

अशा वेळी निधीचे कारण पुढे येते. सत्तेजवळ नसलो तर वॉर्डातली कामे अडतात, ही तक्रार खोटी नाही. पण तेव्हा राज्यात हे दोन्ही पक्ष महाविकास आघाडीच्या एकाच सरकारात होते, त्यामुळे सत्तेजवळ जाण्याचा मुद्दा तिथे फारसा टिकत नाही. आणि निधी खरोखरच पक्ष पाहून वाटला जात असेल, तर वाटपाचे नियम जाहीर करून ते पाळायला लावावे लागतील. नगरसेवकाने उडी मारल्याने फार तर त्याच्या वॉर्डाचे भागेल, शेजारचा वॉर्ड तसाच राहील.

मत बदलणे हा गुन्हा आहे का, असेही विचारले जाईल. मुळीच नाही. पारनेरातच जन्मलेले सेनापती बापट बॉम्बच्या मार्गाकडून मुळशीच्या सत्याग्रहाकडे वळले आणि त्यासाठी तुरुंगात गेले. बदलाची किंमत त्यांनी स्वतः मोजली. कुंपणावरचा माणूस ती मतदाराकडून वसूल करतो. अलीकडचे उदाहरण पारनेरचेच आमदार नीलेश लंके यांचे: राष्ट्रवादीतल्या 2023 च्या फुटीनंतर ते अजित पवारांसोबत होते. मार्च 2024 मध्ये त्यांनी आमदारकी सोडली, शरद पवारांच्या पक्षाकडून लोकसभा लढवली आणि जिंकली. हेतूबद्दल कोणी काहीही म्हणो, पद सोडून लोकांपुढे जाण्याची रीत योग्यच होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पारनेरकरांनी विधानसभेला त्यांच्या पत्नी राणी लंके यांच्याऐवजी अजित पवारांच्या पक्षाचे काशिनाथ दाते निवडले. मतदाराला विचारले की तो स्वतःचा निर्णय देतो.

स्थानिक संस्थांतील पक्षांतराविरुद्ध राज्यात 1986 चा कायदा आहे, पण तक्रार, सुनावणी, अपील यांत सदस्याची मुदत निघून जाऊ शकते. म्हणून पुढच्या नगरपंचायत निवडणुकीत दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडून एवढेच लिहून घ्या: पक्ष सोडायचा झाला, तर आधी नगरसेवकपद सोडेन.