गोष्टीचं तात्पर्य नको, छत्री कुणी नेली ते सांगा!

परवाची गोष्ट. नवी पेठेत खरेदीला आलेली ताई दुपारी घरी टेकली. सोबत भाची, यंदा दुसरीला. हातात नवंकोरं चित्रांचं पुस्तक. पोरीनं दहा पानं धडाधडा वाचून दाखवली. कुठं अडखळली नाही. ताईचा चेहरा फुलला.

मी सहज विचारलं, "छत्री कुणी नेली गं?"

पोरीनं पुस्तकाकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. मग हळूच, "आजीनं?" मी गप्प. लगेच, "आईनं?" मी तरी गप्प. मग एकदम आठवल्यासारखं म्हणाली, "मामा, तात्पर्य सांगू? खोटं बोलू नये!"

त्या गोष्टीत कुणीच खोटं बोलत नाही. छत्री शेजारच्या काकांनी नेलेली असते. सहाव्या पानावर, मोठ्या टायपात.

हसू आलं, मग वाईट वाटलं. पोरगी हुशार आहे. उत्तर पुस्तकात असतं, हे तिला कुणी शिकवलंच नाही. तिच्या लेखी उत्तर मोठ्यांच्या तोंडावर असतं.

आता कुणी म्हणेल, "एका वाक्यात उत्तरे लिहा" प्रत्येक धड्याखाली असतंच की! असतं ना. पण होतं काय? उत्तर फळ्यावर येतं, नाहीतर गाईडमधून. पोरं वहीत उतरवतात, पाठ करतात, मार्क घेतात. प्रश्न राहिला, शोधणं गेलं.

दुसरा आक्षेप शिकलेल्यांचा. "हे फार खालच्या पातळीचं झालं, मुलांना कल्पनाशक्ती पाहिजे, विचार पाहिजे." मान्य. पण काय लिहिलंय हेच सापडत नसेल, तर विचार कशावर करणार? पाया न खणता गच्चीची चर्चा चाललीय आपली.

'निपुण भारत' 5 जुलै 2021 ला सुरू झालं. 2026-27 पर्यंत तिसरीच्या शेवटी प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे उद्दिष्ट. आणि 'असर' 2024 चा अहवाल सांगतो, ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुलं 23.4 टक्के. तीही चाचणी मोठ्यानं वाचून दाखवायची. समजलं किती, तो हिशेब वेगळाच.

2025 मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा यावर महाराष्ट्र पेटला. 16 एप्रिल 2025 चा शासन निर्णय, त्यावरून रान उठलं, 29 जूनला माघार. भांडण रास्तच होतं, मीही त्यावर लिहिलं. पण पहिली भाषा तरी पोराला वाचून कळते का, यावर एक मोर्चा निघाला नाही.

बरं, याला निधी लागत नाही, टॅब लागत नाही, ॲप लागत नाही. एक पुस्तक आणि मोठ्या माणसाची दहा मिनिटं. प्रश्न विचारा. उत्तर आलं की "शाब्बास" म्हणायच्या आधी म्हणा, "कुठं लिहिलंय? बोट ठेव." चुकलं तरी रागावू नका, पान उलटायला सांगा. मग विचारा, "हे शब्दांत लिहिलंय का चित्रात दिसतंय?" छत्री लाल आहे हे फक्त चित्रात असतं, काकांनी नेली हे शब्दांत. हा फरक सहा-सात वर्षांच्या पोराला कळतो, आपण विचारत नाही एवढंच. आणि मुद्दाम एक प्रश्न असा विचारा, ज्याचं उत्तर पुस्तकात नाहीच. काकांचं नाव काय? "ते दिलेलंच नाही" असं पोरगं ठामपणे म्हणालं, की समजा वाचायला लागलं.

आपल्या सोलापुरात तर हे जास्तच गरजेचं. पूर्व भागातल्या कित्येक घरांत तेलुगू, कुठं कन्नड, कुठं दखनी. शाळेत मराठी. पोरानं छत्रीला "गोडुगु" म्हटलं, पण बोट बरोबर ओळीवर ठेवलं, तर ते उत्तर बरोबर. आपण बोट बघत नाही, उच्चार सुधारत बसतो.

मला हे का लागतंय? वीस वर्षं बातमीदारी करतोय. पाणी कुठल्या दिवशी येणार हे बातमीच्या पहिल्या ओळीत लिहितो, आणि खाली पहिली कमेंट, "पाणी कधी येणार?" योजनेच्या अर्जात कागदांची यादी छापलेली असते, तरी माणूस एजंटाला दोनशे रुपये देतो. तारीख नसलेला फॉरवर्ड तालुकाभर फिरतो, कारण तारीख कुठाय हे बघायची सवयच नाही. ही सगळी मोठी माणसं कधीतरी दुसरीत होती. त्यांनीही मास्तरांच्या तोंडाकडं बघूनच उत्तरं दिली.

लिहिलेलं ज्याला सापडत नाही, त्याला कुणीही काहीही सांगू शकतं. पुढारी, एजंट, बुवा, सगळ्यांना असाच माणूस सोयीचा.

शाळा व्यवस्थापन समितीत जे पालक आहेत त्यांनी पुढच्या बैठकीत एवढंच विचारावं, गोष्टीची पुस्तकं पोरांच्या हातात आहेत का कपाटात? फाटतील, हिशेब द्यावा लागेल म्हणून कुलूप असेल, तर ते कुलूप काढायला लावा. फाटलेलं पुस्तक वाचलेलं असतं. कोरं पुस्तक फक्त रजिस्टरला शोभतं.

आज रात्री घरातल्या पोराला एक पान वाचायला लावा. एक प्रश्न विचारा. "बोट ठेव" म्हणा. काय झालं ते कमेंटमध्ये खरं खरं लिहा.

आणि कमेंट करायच्या आधी पोस्ट पूर्ण वाचा. छत्री कुणी नेली, ते वर लिहिलंय.