आधार मर्जीवर नको

राजर्षी शाहू महाराजांनी घरचा विरोध पत्करून आपल्या विधवा सुनेला, इंदुमती राणीसाहेबांना, सोनतळीला ठेवून शिकवले. तिने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. १९२२ साली महाराज गेले. इंदुमतीदेवी १९२५ ला मॅट्रिक झाल्या. डॉक्टर होणे मात्र राहून गेले. आधार एका माणसाचा होता, तो त्याच्याबरोबर गेला.

मी कोल्हापुरातच एका महाविद्यालयात शिकवते. पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना दोन वर्षांची जादा मुदत आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची व बालसंगोपनाची रजा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत दिली. मला हे कळले ते एका ज्येष्ठ बाईंकडून. त्या भेटल्या नसत्या तर? पुरुष सहकाऱ्यांना अशा गोष्टी संध्याकाळी चहाच्या गाडीवर कळतात. आम्ही तेव्हा पाळणाघराकडे धावत असतो.

म्हणून माझे म्हणणे असे: विद्यापीठाने प्रत्येक विभागात नव्या अध्यापिकेला, संशोधक मुलीला अनुभवी मार्गदर्शक नेमून द्यावी आणि ते काम तिच्या कार्यभारात धरावे. नाहीतर तेही बायकांचे बिनमोलाचे काम ठरेल.

मैत्रिणींनो, मायेची मदत आपण करतच राहू. पण हक्काची व्यवस्था मागायला आता संकोच कशाला?