‘जगली नाहीत’ एवढ्यावर थांबू नका!

वकिली करताना एक सवय अंगवळणी पडते. पक्षकार येतो, रडतो, सगळे एका दमात सांगून टाकतो. आपण त्याला पाणी देतो आणि म्हणतो, "आधी तारखा सांगा." कोणत्या दिवशी काय घडले, याची यादी झाल्याशिवाय याचिका उभी राहत नाही. एखादी घटना एकदा घडली तर तिला अपघात म्हणता येते. तीच चार वेळा घडली की न्यायाधीशही मान वर करून पाहतात. गेली वीस वर्षे मी लोकांच्या दुःखाच्या अशा याद्या करत आलो. स्वतःच्या लेकराची यादी करायला मात्र मला अकरा महिने लागले. आज त्याविषयी लिहितो आहे, कारण ही गोष्ट माझ्या एकट्याच्या घरची नाही.

आमचा मुलगा उशिरा झाला. थोरली मुलगी तेव्हा शाळेत जात होती. पहिले पाच महिने बाळ गुटगुटीत होते. सहाव्या महिन्यात कान फुटला. आठव्या महिन्यात न्यूमोनिया झाला, पाच दिवस दवाखान्यात ठेवून शिरेतून औषधे द्यावी लागली. नवव्या महिन्यात पुन्हा कान. दहाव्या महिन्यात पुन्हा न्यूमोनिया. वजनाचा काटा जागचा हलेना. दर वेळी वेगळा दवाखाना, वेगळा डॉक्टर, वेगळा कागद. एक म्हणाले, दात येताहेत. दुसरे म्हणाले, हवा बदलली. एका खासगी रुग्णालयात मी मागचे कागद पुढे केले, तर ते न उघडताच बाजूला सारले गेले.

घरी नातेवाइकांचे निदान तयारच होते. नजर लागली. आईचे दूध पातळ आहे. बाई नोकरीला जाते, मग लेकराचे दुसरे काय होणार! आजारी पडते लेकरू आणि आरोपी ठरते आई. पुरावा नाही, सुनावणी नाही, शिक्षा मात्र रोजची. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब असलेल्या घरातही मागच्या दाराने लिंबू-मिरची येते, हे मी याच काळात पाहिले. आणि खरे सांगायचे तर, दोन रात्री मीही गप्प बसून ते येऊ दिले. भीती माणसाचे शिक्षण विसरायला लावते.

शेवटी एका सरकारी रुग्णालयातील तरुण बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंनी सगळे कागद टेबलावर पसरले. तारखा विचारल्या, त्या स्वतःच्या हाताने एकाखाली एक लिहिल्या आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, ही चार आजारपणं नाहीत. एकच गोष्ट चार वेळा दिसतेय." मग त्यांनी माझ्या पत्नीला विचारले, "ताई, तुमच्या माहेरी कुणी मुलगे लहानपणी गेलेत का?"

पत्नी नाही म्हणाली. मागे उभ्या असलेल्या सासूबाई मात्र खाली बसल्या. "दोन लेकरं गेली माय," त्या म्हणाल्या. "हिच्या आधीची. थोरला दीड वर्षाचा, धाकटा नऊ महिन्यांचा. छाती भरायची. पोरी जगल्या, पोरं जगली नाहीत." आमच्या लग्नाला इतकी वर्षे झाली, पण हे दोन मामा होते हे ना मला ठाऊक होते, ना माझ्या पत्नीला. आपल्या समाजात गेलेल्या लेकरांचा एवढाच दाखला असतो : जगली नाहीत. ना डॉक्टर, ना कागद, ना कारण.

डॉक्टरांनी हाच प्रश्न का विचारला, हे प्रत्येक आई-वडिलांनी समजून घेतले पाहिजे. बाळ पोटात असताना आईच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रथिने, वारेतून बाळाला मिळतात. ही आईची शिदोरी जन्मानंतर काही महिने पुरते. ती सरत जाते तसे बाळाचे शरीर स्वतःची प्रतिपिंडे तयार करू लागते. काही बाळांच्या शरीरात ती तयारच होत नाहीत. म्हणून पहिले काही महिने सगळे ठीक असते आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास कान, छाती, सायनस यांचे आजार एकामागून एक सुरू होतात. यातल्या एका प्रकारात दोष आईकडून येणाऱ्या ‘एक्स’ गुणसूत्रावर असतो. मुलींकडे दुसरे ‘एक्स’ असल्याने त्या बहुधा निरोगी राहतात, मुलगे आजारी पडतात. हा गुणसूत्राचा हिशेब आहे. यात आईचा गुन्हा नाही, तिचे दूध पातळ नाही, कुणाची नजर नाही.

आमच्या बाळाच्या रक्तातील आयजीजी हे प्रतिपिंड वयाच्या मानाने खूप कमी निघाले. पुढच्या तपासणीसाठी रक्त मुंबईला गेले आहे. अहवाल यायचा आहे. ही उणीव कायमची असू शकते किंवा तात्पुरतीही असू शकते. काही बाळांमध्ये ती दोन-चार वर्षांत आपोआप भरून निघते. म्हणजे आज आमच्या हातात शक्यता आहे, निकाल नाही. तारीख पडली आहे. पक्षकाराच्या बाकावर बसून तारखेची वाट पाहणे काय असते, ते मला या वयात कळले.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणे, विशेषतः घरात शाळेत जाणारे भावंड असताना, यात काही विपरीत नाही. आपल्या देशात मुलांची प्रतिकारशक्ती कमी होण्याचे मोठे कारण आजही कुपोषण हेच आहे आणि त्याचे उत्तर अंगणवाडीच्या ताटात आहे. परंतु वर्षात दोनदा न्यूमोनिया, चार किंवा अधिक वेळा कान फुटणे, दोन-दोन महिने औषधे देऊनही गुण न येणे, वजन न वाढणे, तोंडातील पांढरा बुरा न जाणे, खोलवर गळवे होणे, शिरेतून औषध दिल्याशिवाय आजार न हटणे किंवा घराण्यात अशी मुले दगावलेली असणे, यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा : "याच्या प्रतिकारशक्तीची तपासणी करायची का?" पहिली पायरी साधी आहे : रक्तातील पेशींची मोजणी आणि प्रतिपिंडांचे प्रमाण.

डॉक्टर एचआयव्हीची तपासणीही सांगतील. रागावू नका. एक कारण वगळण्यासाठी ती करावीच लागते. ‘प्रतिकारशक्ती कमी’ एवढे शब्द कानी पडताच आमच्या गल्लीतही कुजबुज सुरू झाली. अशी माहिती गोपनीय ठेवण्याचे बंधन २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने घातलेले आहे, हे दवाखान्यानेही लक्षात ठेवावे आणि शेजाऱ्यांनीही. लसीबाबत तर अधिक सावध राहा. अशी शंका असलेल्या बाळाला जिवंत जंतूंच्या लसी, उदाहरणार्थ बीसीजी, पोलिओचे थेंब, गोवर-रुबेला, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत. पण हे फक्त अशा बाळांपुरते. आपल्या मनाने कुणीही लस टाळू नये. उलट आसपासच्या सर्व मुलांनी लसी घेतल्या, तरच अशा दुबळ्या बाळाभोवती भिंत उभी राहते.

आता मुख्य मुद्दा. अमेरिकेत ऑग्डेन ब्रुटन या डॉक्टरांनी १९५२ मध्ये पुन्हा पुन्हा आजारी पडणाऱ्या आठ वर्षांच्या एका मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नसल्याचे दाखवले आणि ते बाहेरून देऊन त्याचे आजार आटोक्यात आणले. माझ्या सासूबाईंची मुले गेली १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्यांना हाच आजार होता, असे आज कुणीही सांगू शकत नाही. पण एवढे खरे की, ज्ञान तेव्हा तीस वर्षांचे झाले होते आणि मराठवाड्यातील त्या झोपडीपर्यंत ते पोहोचले नव्हते. आज सत्तर वर्षे उलटून गेली. अजून किती वाट पाहायची?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, पालघरहून सुरू झाला. शाळा-अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी करणारा हा चांगला कार्यक्रम आहे. पण ज्या ३० आजारांच्या यादीने तो सुरू झाला, त्या यादीत जन्मजात प्रतिकारशक्तीची उणीव नव्हती. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात मात्र हे आजार आहेत. २०२२ पासून मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत वाढवली गेली. पण मदतीचा दरवाजा ठरावीक केंद्रांतच उघडतो. मुंबईत परळचे केईएम रुग्णालय असे केंद्र आहे आणि त्याच आवारात या आजारांची तपासणी करणारी राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. तिथे पोहोचायला आमच्याकडून एक रात्र रेल्वेत जाते. मी वकील आहे, पोहोचेन. ऊसतोडीला गेलेले जोडपे कसे पोहोचणार? निदान पक्के झाले तर इम्युनोग्लोब्युलिन दर तीन-चार आठवड्यांनी द्यावे लागते, तेही वजनाच्या प्रमाणात. म्हणजे लेकरू वाढते तसा खर्च वाढतो. लेकराचे वजन वाढल्याचा आनंद आणि धसका बापाला एकाच वेळी व्हावा, ही कसली व्यवस्था?

सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात १९९६ मध्येच बजावले की, पैशाची अडचण सांगून राज्याला कलम २१ खालील जबाबदारी झटकता येणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १७ एप्रिल २०१४ रोजी एका रिक्षाचालकाच्या दुर्मीळ आजार झालेल्या मुलाला मोफत उपचार देण्याचा आदेश दिल्ली सरकारला दिला. कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते. तेव्हा आपण भीक मागत नाही, हे ध्यानात ठेवून या मागण्या केल्या पाहिजेत : जन्मजात प्रतिकारशक्तीची उणीव बाल तपासणीच्या यादीत घ्या. प्रतिपिंडांची तपासणी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात करा आणि पुढचे नमुने मुंबईला पोहोचवण्याची जबाबदारी आईबापावर न टाकता रुग्णालयाने घ्यावी. इम्युनोग्लोब्युलिन जिल्ह्यातच मिळू द्या. बालमृत्यूंच्या चौकशीसाठी केंद्राने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्या चौकशीत ‘या घरात आधी कोणती मुले गेली?’ हा प्रश्न खरोखर विचारला जावा, नुसता रकाना भरला जाऊ नये.

तोवर आपल्या हाती काय आहे? एक, एक वही करा. तारीख, आजार, औषध, दवाखान्यातील दिवस, वजन लिहा. दोन, कागद मागून घ्या. मागणी केल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी देण्याचे बंधन २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने डॉक्टरांवर घातले आहे. तीन, धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवणे मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार बंधनकारक आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड तयार ठेवा. नकार मिळाला तर तो लेखी मागा. चार, जयंतीला आणि ६ डिसेंबरला आपण रक्तदान करतो, ते चालू ठेवा. इम्युनोग्लोब्युलिन हजारो माणसांच्या रक्तद्रवातून तयार होते. त्यात कुणाची जात शिल्लक राहत नाही.

किसा गोतमीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. मेलेले लेकरू कवटाळून आलेल्या त्या आईला तथागतांनी मोहरी आणायला पाठवले, पण ज्या घरात कुणी मेलेले नाही अशाच घरातून. ती घरोघरी विचारत फिरली आणि मरण सर्वांना आहे हे तिला उमगले. ही कथा आपण सांत्वनासाठी सांगतो. मला आता त्यातले दुसरे काही दिसते. तिला घरोघरी विचारायला लावले होते : तुमच्या घरी कोण गेले? डॉक्टरबाईंनीही तेच विचारले. मरण अटळ आहे, म्हणून प्रत्येक मरण अटळ असते असे नाही. दुःखाला कारण असते आणि कारण शोधता येते, हीच तर धम्माची शिकवण आहे. रमाई आणि बाबासाहेबांचीही चार लेकरे बालपणीच गेली. राजरत्न १९२६ मध्ये गेला. ते दुःख सोसून ज्यांनी आपल्या हाती संविधान दिले, त्यांच्या लेकरांनी ‘जगली नाहीत’ एवढ्यावर थांबायचे का?

त्या रात्री घरी येऊन मी बाळाच्या आजारांची यादी नव्याने लिहायला घेतली. सासूबाई शेजारी येऊन बसल्या. मी त्यांना त्यांच्या दोन्ही मुलांची नावे विचारली. चाळीस वर्षांत कुणी विचारली नव्हती. त्यांनी सांगितली. यादीच्या पहिल्या दोन ओळींत मी तीच लिहिली आहेत. अहवाल आला की तिसऱ्या ओळीपुढे काय लिहायचे ते कळेल.