दहा सेकंदांची क्लिप चालते का?

मागच्या आयपीएलच्या वेळी जिंतूरकडच्या एका पोराचा फोन आला. माझ्याकडं बॅच केलेला, खेळाच्या सामानाचं छोटं दुकान आहे त्याचं. "सर, पेज उडालं." रोज रात्री टीव्हीवरचा एखादा सिक्सर मोबाइलनं शूट करायचा आणि त्यावर 'बॅटवर २० टक्के सूट' टाकायचा. नोटिसा आल्या होत्या, पण इंग्रजीत होत्या म्हणून यानं वाचल्याच नाहीत. दीड वर्षात जोडलेली गिऱ्हाइकं गेली. वर मलाच विचारतो, "पण सर, दहा सेकंद चालतंय म्हणायलेत सगळे!"

नाही चालत. आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे १९५७ च्या कायद्यात, सेकंदांचा असा कुठलाच आकडा नाही. दहा नाही, सात नाही, तीन पण नाही. 'श्रेय मूळ मालकाला' असं खाली लिहिलं तरी परवानगी मिळत नाही.

त्या कायद्याच्या कलम ३७ नं प्रक्षेपण करणाऱ्याला स्वतंत्र हक्क दिलाय, २५ वर्षांचा. प्रक्षेपण झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजायचा. म्हणजे २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर धोनीनं मारलेला तो शेवटचा सिक्सर २०३६ संपेपर्यंत कुणाचा तरी माल आहे. माल म्हटलं की आपल्याला लगेच कळतं. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएलच्या प्रक्षेपणासाठी कंपन्यांनी ४८,३९० कोटी रुपये मोजलेत. एवढं देऊन घेतलेलं कुणी फुकट वाटू देईल का? तुमच्या दुकानातली एक बिस्किटपुडी उचलली तर तुम्ही काय करता?

मग न्यूज चॅनलवाले कसे दाखवतात? कलम ३९ मध्ये सवलत आहे. चालू घडामोडींची बातमी, प्रामाणिक समीक्षा, शिकवणं, संशोधन यासाठी छोटा तुकडा, तोही रास्त प्रमाणात. त्यावरूनही भांडणं झाली. भारताच्या २००७-०८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यातल्या क्लिपवरून वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. या यादीत 'बॅटवर सूट' कुठंच बसत नाही.

उलट धंदा असला की प्रकरण जड होतं. कलम ६३ मध्ये जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. आपली जाहिरात ही फायद्यासाठीच असते, त्यामुळं ती वाट आपल्याला बंद. आयपीएल २०२३ चे सामने एका बेटिंग अ‍ॅपवर बेकायदा दाखवल्याची तक्रार महाराष्ट्र सायबरकडं झाली, तेव्हा अ‍ॅपची जाहिरात करणाऱ्या कलाकारांनाही चौकशीला बोलावलं होतं. एका रीलसाठी कुणी परभणीत पोलीस पाठवणार नाही, हे मलाही कळतं. पण पेज उडवायला पोलीस लागत नाहीत.

माझी तक्रार मात्र दुसरीकडं पण आहे. लहान दुकानदारानं पाचशे-हजार रुपये भरून रीतसर क्लिप घ्यावी अशी सोपी सोय का नाही? नोटीस मराठीत का नाही? मालक मोठा आहे म्हणून त्याचा हक्क खोटा ठरत नाही, पण परवान्याचं दारच दिसत नसेल तर माणूस खिडकीतून शिरतो.

तोवर आपलं स्वतःचं शूट करा. गावोगाव टेनिस बॉलच्या स्पर्धा होतात. आयोजकाला आणि पोरांना विचारून व्हिडिओ घ्या, बक्षिसाला एक बॅट द्या. मॅचचा निकाल आपल्या शब्दांत लिहायला हरकत नाही. फक्त रोहितचा फोटो जाहिरातीत चिकटवू नका, तो वेगळाच घोळ आहे.

जिंतूरच्या पोरानं नवं पेज काढलंय. पहिल्या रीलला जेमतेम दोनशे व्ह्यू आले, पण त्यातले दोघं दुकानात येऊन बॅट घेऊन गेले. जुन्या पेजसाठी अपील टाकलंय, उत्तर अजून आलेलं नाही.